हितंच राहते

आमच्या वस्तीत पोलीस आला आणि त्याने कोणाचंही नाव घेऊन विचारलं, की उत्तर एकच मिळतं : "हितं राहत न्हाई." मग तो माणूस समोरच्या ओट्यावर दात घासत बसलेला का असेना. हे कोणी ठरवलं नाही, त्यासाठी मीटिंग झाली नाही. लहानपणी आम्ही पोरं त्याचा खेळ खेळायचो. एकाने हवालदार व्हायचं, बाकीच्यांनी न हसता सांगायचं, "राहत न्हाई." जो हसला तो बाद. मी कधी बाद झालो नाही, कारण ते उत्तर आमच्याच घरातून निघालं होतं.

माझे वडील रंभाजी पगारे. मी नऊ वर्षांचा असताना गावातल्या एका बागायतदाराच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली, आणि भर दुपारी दोन पोलीस आमच्या दारात आले. माझी आई, चांगुणाबाई, भाकरी थापत होती. "रंभाजी इथंच राहतो का?" असं त्यांनी विचारलं. आईने पिठाच्या हाताने पदर सारखा केला. "व्हय, हितंच राहत्यात. बसा, पानी देते," म्हणाली, आणि आत जाऊन तिने स्वतः वडिलांना झोपेतून उठवलं.

वडील अकरा दिवसांनी परत आले. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. मोटर पुढे त्या बागायतदाराच्या जावयाकडेच सापडली, पण ते सांगायला कोणी आमच्या दारात आलं नाही. वडील त्यानंतर तीन वर्षं जगले. डाव्या हाताने जेवायचे आणि कोणी बघत असलं की ताट बाजूला सारायचे. आई आजसुद्धा मध्येच काम थांबवून म्हणते, "म्या व्हय म्हनले. वर पानी दिलं त्यानला." एवढंच म्हणते आणि परत कामाला लागते.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं, म्हणून हे आधी सांगितलं.

मी महेंद्र. कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं उसाचा रस तपासतोय. माझी मुलगी वृषाली लहानपणी शाळा सुटली की तिथे येऊन बसायची आणि कोणता ऊस किती गोड ते चाखून सांगायची. केमिस्टसाहेब हसायचे, पण यंत्राशी ताडून बघायचे. मी तिला सांगायचो, हे तू माझ्याकडून घेतलेलं नाहीस, आजीकडून घेतलंयस. कारण माझी आई माती चाखते. आमच्या वस्तीमागची जमीन कालव्याच्या पाण्याने पांढरी पडत गेली. वर मिठासारखा थर यायला लागला. पण तो दिसायच्या दोन-तीन वर्षं आधीच आई चिमूटभर माती जिभेवर ठेवून, थुंकून सांगायची, "ही गेली." तिने गेली म्हटलेली जमीन कधी परत आली नाही.

त्या जमिनीपायी वृषाली राहुरीला कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकली. आणि तिथे शिकत असतानाच तिने नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाचा अर्ज भरायला घेतला. तिथे म्हणे खाऱ्या जमिनीवर दोन-दोन पिढ्या काम करणारी माणसं आहेत. प्रवेशाबरोबर पूर्ण शिष्यवृत्तीही होती, पण सगळ्या जगातून फक्त चार जणांना. मी म्हणालो, "बाई, चारात तुझा नंबर कसा लागायचा?" ती म्हणाली, "पप्पा, अर्ज तर करू द्या." आमच्याकडे अर्ज म्हणजे तलाठ्याकडे द्यायचा असतो आणि विसरून जायचा असतो. हा तसा नव्हता. आपल्याला हे का शिकायचंय याचं दोन पानांचं पत्र लिहायचं होतं. त्या दोन पानांना तिला दोन वर्षं लागली. लिहायची, खोडायची, मला मराठीत सांगून दाखवायची. शेवटी जे पत्र गेलं त्याचं पहिलं वाक्य होतं, "माझी आजी माती चाखून सांगते."

मग लॅपटॉपवर मुलाखत झाली. तिकडच्या प्राध्यापकाने आधी आजीबद्दलच विचारलं. वृषालीने माझ्या आईला ओढत आणून समोर बसवलं. आईने डोक्यावरचा पदर पुढे घेतला आणि मला खालच्या आवाजात विचारलं, "ह्यो सायेब जेवला का?" तो गोरा माणूस हात जोडून हसत होता. आईने वृषालीकरवी त्याला विचारलं, तुमच्याकडची माती कसली? तो म्हणाला, समुद्र हटवून मिळवलेली. "मंग खारीच असनार," आई म्हणाली. "वृषे, येताना चिमूटभर घिऊन ये. बघते कशी हाय." त्याच आठवड्यात तिने जुन्या लुगड्याच्या काठाची एक लहान पिशवी शिवली, तोंडाला नाडी घातली आणि खिळ्याला अडकवून ठेवली. पोरीचा नंबर लागलाय की नाही याचा पत्ता नव्हता, पण पिशवी तयार होती.

मार्चमध्ये नंबर लागला. चारात एक. मी कारखान्यात पेढे वाटले, केमिस्टसाहेबांनी उठून हात मिळवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. वृषालीची आई अंगणवाडीत सेविका आहे. तिने पोरांना त्या दिवशी नकाशात नेदरलँड्स शिकवलं, म्हणजे स्वतः आधी शोधलं आणि मग शिकवलं.

पुढची अट एकच होती. व्हिसाचं काम विद्यापीठच करणार होतं, त्यासाठी पासपोर्टची प्रत पंधरा जूनच्या आत पोचायला हवी होती. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला.

पासपोर्ट आधीपासून काढून ठेवायचा असतो हे आम्हाला कोण सांगणार? आमच्या सात पिढ्यांत कोणी काढलेला नाही. त्यात वृषालीच्या आधारकार्डावर इंग्रजीत नावाचं एक अक्षर चुकलेलं. ते दुरुस्त होईपर्यंत एप्रिल संपला. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नगरला जाऊन बोटांचे ठसे, फोटो सगळं दिलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, "आता फक्त पोलीस तपासणी राहिली. हवालदार घरी येतील, पत्त्यावर राहता का बघतील. मग आठ-दहा दिवसांत येईल पासपोर्ट."

परतीच्या एसटीत वृषाली म्हणाली, "पप्पा, आज्जीला सांगून ठेवायला लागेल."

मी नको म्हणालो. "पोलीस हा शब्द ऐकला की ती दोन दिवस जेवत नाही. उगाच घोर कशाला? हवालदार येईल तेव्हा कोणीतरी घरी असूच की आपण." माझ्या मते मी आईची काळजी घेत होतो. तिच्या जिवाला त्रास नको, एवढंच मनात होतं. मनात काय होतं हे आता मी कितीही सांगितलं तरी, नको म्हणालो तो मीच.

हवालदार वीस मेला आला. त्या दिवशी वृषालीची राहुरीला तोंडी परीक्षा होती आणि फोन बंद करून बाहेर ठेवायला लावलेला. मी कारखान्यात, तिची आई अंगणवाडीत. घरी आई एकटी, डाळ निवडत बसलेली. पुढचं सगळं मला नंतर कळलं, तुकड्या-तुकड्यांत.

हवालदाराचं नाव कानिफनाथ. पाथर्डीकडचा, तरुण, बोलायला बरा माणूस. त्याने गाडी लावली, कागद काढला आणि विचारलं, "आजी, वृषाली महेंद्र पगारे इथंच राहते का?"

आईने डाळीचं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "न्हाई."

"मग कुठं राहते?"

"आमाला म्हाईत न्हाई. हितं असलं कुनी राहत न्हाई."

त्याने शेजारी विचारलं. छबूबाई दारात उभी होती. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोन वृषाली? न्हाई बा." पलीकडे सहादेव खाटेवर पडला होता. वृषालीच्या निकालाचे पेढे त्याने दोनदा मागून खाल्ले होते. तोही म्हणाला, "राहत न्हाई साहेब." कानिफनाथने वृषालीला फोन लावला, तो बंद. तीन घरांनी तेच सांगितलं. त्याने तेच लिहिलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

आम्हाला दहा-बारा दिवस काहीच कळलं नाही. वृषाली रोज मोबाईलवर बघायची. पासपोर्ट का येत नाही म्हणून शेवटी जून उजाडल्यावर मी आणि ती पोलीस ठाण्यात गेलो. कानिफनाथने वही काढून दाखवली. "अर्जदार सदर पत्त्यावर राहत नाही." खाली छबूबाईचं आणि सहादेवचं नाव.

"तुमच्याच घरच्या आजींनी सांगितलं हो," तो म्हणाला. "मी दोनदा विचारलं."

वृषालीने ती ओळ वाचली. परत वाचली. मग माझ्याकडे बघितलं. 

घरी येईपर्यंत तिचा राग उतरला नव्हता. मला वाटलं, आता ही आजीला काय काय बोलणार. आम्ही आत गेलो तर आईने तिच्यासाठी थालीपीठ लावलेलं. तिला शेजारी बसवून, इकडेतिकडे बघून, आवाज बारीक करून आई म्हणाली, "तुला सांगितलं न्हाई. तुझं नाव घिऊन पोलीस आल्ता. म्या वाटंला लावला. म्हनलं, हितं कुनी राहत न्हाई. आता भिऊ नको. पुन्हा यायचा न्हाई त्यो." आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं तसं मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी चुकलेलं उत्तर तिला पुन्हा एकदा द्यायला मिळालं होतं, आणि या वेळी तिने ते बरोबर दिलं होतं.

वृषालीने थालीपीठ खाल्लं. सगळं खाल्लं. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "पप्पा, आज्जीला कधीच सांगायचं नाही. माझी शपथ."

त्यानंतर आम्ही काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसात जाऊन खुलासा दिला, फेरतपासणीचा अर्ज दिला. कानिफनाथने त्याच्या हातात होतं तेवढं लवकर केलं. वृषालीने विद्यापीठाला तीन मेल लिहिले. त्यांनी चार दिवस वाढवून दिले, तेही सरले. वीस जूनला उत्तर आलं, फार नम्र भाषेत. प्राध्यापकाने खाली स्वतःची एक ओळ लिहिली होती, तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग. पासपोर्ट तीन जुलैला आला. निळा, कोरा करकरीत. पोस्टमनने सही घेतली आणि चहाला थांबला.

आईने पासपोर्ट हातात घेऊन वरचे सिंह बघितले. "आपल्या अशोकाचे," म्हणाली. "आता कधी जायाचं गं?" वृषालीने सांगितलं की तिकडचं लांबलंय, पुढच्या वर्षी बघू.

मीही तिला तेच म्हणालो होतो, पुढच्या वर्षी परत अर्ज कर. ती म्हणाली, "ते पत्र परत कसं लिहू, पप्पा? पहिलं वाक्य काय लिहू?"

ऑगस्टमध्ये तिने इंदूरला एका खताच्या कंपनीत नोकरी धरली. जाताना घरातली तिची सगळी पुस्तकं, कपडे, सर्टिफिकेटं घेऊन गेली. कपाटाचा कप्पा पुसून गेली. खिळ्यावरची पिशवी तेवढी तिथेच राहिली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आली नाही, जयंतीला आली नाही. फोन येतो, आजीशी दोन मिनिटं बोलते. एकदा मी जोरात विचारलं, "घर तोडलंस का तू?" तेव्हा रडली. म्हणाली, "घरी आले की मला आज्जीचा राग येणार. आणि तिचा राग आला की मला माझी लाज वाटते. मग मी येऊ कशी?" मी फोन ठेवला आणि प्रयोगशाळेच्या मागे जाऊन उभा राहिलो. मलाही रडू आलं. तिने माझ्यावर रागवायला हवं होतं, ते तिने एकदाही केलं नाही.

असं वर्ष गेलं. यंदा जूनमध्ये सहादेवच्या मुलाला कुठल्याशा कंपनीत लागण्यासाठी चारित्र्याचा दाखला हवा होता, त्याच्या चौकशीला कानिफनाथ परत वस्तीत आला. ओट्यावर आई बसलेली. त्याने ओळखलं. चांगल्या मनाने विचारलं, "काय आजी, नात गेली का शेवटी परदेशात? त्या वेळी तुम्ही राहत नाही म्हणालात, आणि पोरीचा कागदच अडकला. तारीख गेली म्हणे तिची."

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा चूल पेटलेली नव्हती. आईने विचारलं, "खरं हाय का?"

मी म्हणालो, "कशाचं?" पण माझा चेहरा बघून तिला कळलं.  मी तिच्याजवळ बसलो. म्हणालो, "आये, चूक माझी हाय. मी तुला आधी सांगायला पायजे हुतं." ती खिळ्यावरच्या त्या पिशवीकडे बघत होती. माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं की नाही, मला अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला कारखान्यात कानिफनाथचा फोन आला. "तुमच्या मातोश्री इथं येऊन बसल्यात. लवकर या."

मी तसाच निघालो. जयंतीचं पांढरं लुगडं नेसून आई पोलीस ठाण्याच्या बाकावर बसली होती. काळी-पिवळीतून एकटी आली होती. चाळीस वर्षांत ती त्या रस्त्याने गेलेली नव्हती. बाजाराला जायचं तरी मागच्या गल्लीने वळसा घालून जायची. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, वृषालीचा शाळेतला फोटो, लाइटबिल. कोणीतरी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला होता. तिने त्याला हात लावलेला नव्हता.

मला बघून कानिफनाथ उठला. "मी किती वेळ समजावतोय, आजी, पासपोर्ट कवाच आला, आता काही लिहायचं राहिलं नाही. ऐकतच नाहीत."

"तुमी माझं खोटं लिवून घ्येतलं," आई म्हणाली. नजर त्याच्यावरून हलत नव्हती. "आता खरं लिवा. माझी नात हाय ती. वृषाली महेंद्र पगारे. हितंच राहते. ल्हानाची मोठी हितंच झाली. रेशनकार्डावर नाव हाय, बघा. लिवा."

ठाण्यातली बाकीची माणसं बघत होती. कोणी हसलं नाही. कानिफनाथ खुर्ची ओढून बसला. एक कोरा कागद घेतला. तारीख घातली. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेला, आईला ऐकू जावं म्हणून. "वृषाली महेंद्र पगारे ही सदर पत्त्यावर राहते." त्याने शाईचा डबा पुढे केला. आईने अंगठा उमटवला आणि तो लुगड्याला न पुसता तसाच वर धरून ठेवला.

मग तो कागद त्याने माझ्यापुढे सरकवला. साक्षीदाराची सही. पेन देताना त्याने नेहमीच्या सवयीने विचारलं, "राहते ना इथंच?"

आई माझ्याकडे बघत होती. मला वृषालीचा पुसलेला कप्पा दिसत होता.

"व्हय साहेब," मी म्हणालो. "हितंच राहते." आणि अंगठ्याच्या शेजारी सही केली.